प्रारण चिकित्सा व अर्बुदातील प्रतिरक्षा

कर्करोगाच्या उपचारासाठी क्ष-किरण, गॅमा किरण, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन इ. आयनीकारक प्रारणांचा (तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जेचा) उपयोग करणाऱ्या पद्धतीस प्रारण चिकित्सा म्हणतात. अर्बुदातील (कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे बनलेल्या गाठीतील) कर्ककोशिकांच्या डीएनए रेणूंना इजा करून त्यांची विभाजनक्षमता नष्ट करणे, हा या चिकित्सेचा मूळ हेतू होय. तथापि अर्बुद केवळ कर्ककोशिकांचे बनलेले नसते. त्यात रक्तवाहिन्या, संयोजी ऊतक आणि शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेतील (रोगकारकांचा व परकीय पदार्थांचा प्रतिकार करणाऱ्या यंत्रणेतील) निरनिराळ्या श्वेत कोशिकाही असतात व प्रारणाचा परिणाम या सर्वांवर होतो. त्यामुळे प्रतिरक्षेचा प्रतिसाद काही अंशी जागृत होतो, तर काही अंशी दडपला जातो. बहुधा या दोन्ही गोष्टी एकाच अर्बुदात एकाच वेळी घडत असतात. त्यांपैकी कोणती वरचढ ठरेल हे प्रारणाची मात्रा, तिचे विभाजन, प्रारणित क्षेत्राचा विस्तार आणि अर्बुदाची मूळ स्थिती यांवर अवलंबून असते. रोग शरीरात अनेक ठिकाणी पसरलेल्या रुग्णाच्या दृष्टीने या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. कारण किरण ज्या जागी टाकावेत तेथेच आपले कार्य करतात, प्रतिरक्षा कोशिका मात्र रक्ताबरोबर सर्वत्र पोहोचू शकतात.

ऐतिहासिक : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढील वर्षीच अर्बुदांवर त्यांचा उपयोग करून पाहण्यास सुरुवात झाली. जलद विभाजन पावणाऱ्या कोशिका प्रारणाला अधिक संवेदनशील असतात, असा नियम झां बेर्गॉन्ये व लुई त्रिबाँदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1906 मध्ये मांडला. रक्तातील लसीका कोशिका (प्रतिरक्षेचे कार्य करणारा श्वेत कोशिकांचा एक प्रकार) हा या नियमाला मोठा अपवाद आहे. त्या विश्रांत अवस्थेत असल्या, तरी अल्प मात्रेनेही मरतात. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत जेम्स मर्फी यांनी 1910 नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत क्ष-किरणांनी लसीका कोशिका कमी केल्यास परक्या अर्बुदाच्या रोपणाला होणारा प्राण्याचा विरोध मावळतो, असे दिसून आले. पुढे या गुणधर्माचा मुद्दाम उपयोग करण्यात आला. बॉस्टन येथे जोसेफ मरी व त्यांचे सहकारी यांनी 1959 मध्ये भिन्नयुग्मज जुळ्या भावाचे मूत्रपिंड रोपण करण्यापूर्वी रुग्णाच्या सर्व शरीरावर प्रारणाचा प्रयोग केला होता. अशा अनुभवांमुळे प्रारण हे प्रतिरक्षेचे मारक आहे, ही समजूत दृढ झाली. सर्व शरीरावर टाकलेल्या प्रारणाच्या बाबतीत ती खरीच आहे; पण एका गाठीपुरत्या मर्यादित प्रारणालाही ती जशीच्या तशी लागू करण्यात आली, ही मात्र चूक होती.

ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्. एच्. मोल यांनी 1953 मध्ये ‘ॲब्स्कोपल’ ही संज्ञा सुचविली. लॅटिन ‘ॲब’ (दूर) व ग्रीक ‘स्कोपॉस’ (लक्ष्य) या शब्दांपासून बनलेल्या या संज्ञेचा अर्थ प्रारणित जागेपासून दूर, परंतु त्याच शरीरात घडून येणारा परिणाम असा होतो. मोल यांनी त्याचे कारण प्रतिरक्षा हेच असले पाहिजे, असे प्रतिपादन केले नव्हते. प्रतिरक्षेचा निर्णायक पुरावा 1979 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांतून मिळाला. एच्. बी. स्टोन, एल्. जे. पीटर्स व ल्यूका मिलास यांनी एकाच प्रकारचे अर्बुद दोन प्रकारच्या उंदरांत वाढविले. निरोगी प्रतिरक्षा असलेल्या उंदरांपैकी निम्म्यांचे अर्बुद नष्ट करण्यास सुमारे 30 ग्रे मात्रा पुरली (ग्रे हे शोषित प्रारण मात्रेचे एकक असून 1 किग्रॅ. ऊतकात 1 जूल ऊर्जा शोषली गेल्यास ती मात्रा 1 ग्रे होते). ज्या उंदरांच्या टी-लसीका कोशिका काढून टाकल्या होत्या, त्यांत याच कार्यास सुमारे 64 ग्रे मात्रा लागली. म्हणजे किरणांनी झाले असे समजल्या जाणाऱ्या कामाचा मोठा वाटा लसीका कोशिकांचा होता. हा निष्कर्ष स्पष्ट असूनही चिकित्सालयीन व्यवहारावर त्याचा पुढील दोन दशके फारसा प्रभाव पडला नाही. प्रारण चिकित्सेचे नियोजन डीएनएची इजा व तिची दुरुस्ती यांच्याच हिशेबाने होत राहिले.

प्रतिरक्षा जागृत होण्याची प्रक्रिया : 1 ग्रे मात्रेमुळे एका कोशिकेतील डीएनएच्या दोन्ही धाग्यांचे सुमारे 20 ते 40 भंग होतात. त्यांपैकी बरेचसे कोशिका स्वतः दुरुस्त करते. जे राहतात त्यांमुळे कोशिका लगेच मरते असे नाही. बहुतेक कर्ककोशिका एकदा किंवा अनेकदा विभाजनाचा प्रयत्न करून नंतर मरतात. या मरणाची रीत प्रतिरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शरीरात रोज असंख्य कोशिका गाजावाजा न होता मरतात व त्यांची विल्हेवाट लावली जाते. प्रारणाने मरणारी कोशिका पुष्कळदा धोक्याच्या खुणा मागे ठेवते. एरवी कोशिकेच्या अंतर्भागात असणारे कॅलरेटिक्युलीन हे प्रथिन तिच्या पृष्ठभागावर येते आणि भक्षी कोशिकांना ती गिळण्याची खूण पटते. केंद्रकातील एचएमजीबी-1 हे प्रथिन व एटीपी हे ऊर्जावाहक संयुग बाहेर झिरपते. या खुणांचे कार्य गीडो क्रोमर, लॉरेन्स झिटव्होगेल व त्यांच्या फ्रान्समधील सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने पुढे आले.

या खुणांकडे आकृष्ट होणाऱ्या कोशिकांमध्ये डेंड्रिटिक कोशिका प्रमुख आहेत. झाडाच्या फांद्यांसारखे प्रवर्ध असलेल्या या कोशिकांचे वर्णन राल्फ स्टाइनमन यांनी 1973 मध्ये केले व त्याबद्दल त्यांना 2011 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मृत कर्ककोशिकेचे तुकडे गिळून त्या जवळच्या लसीका ग्रंथीत जातात आणि तेथे त्यांतील प्रतिजन (प्रतिरक्षा यंत्रणेस ओळखता येणारे पदार्थ) टी-लसीका कोशिकांपुढे मांडतात. त्या विशिष्ट प्रतिजनाशी जुळणाऱ्या टी-कोशिका वाढतात व रक्तमार्गे अर्बुदाकडे परततात. कोशिकांना ठार करणाऱ्या टी-कोशिकांना सीडी 8 कोशिका म्हणतात. प्रारणामुळे कर्ककोशिकांच्या पृष्ठभागावरील प्रतिजनदर्शक प्रथिनांचे प्रमाण वाढते, तसेच टी-कोशिकांना आकर्षून घेणारी रासायनिक द्रव्येही अर्बुदात स्रवू लागतात. अशा रीतीने आधी दुर्लक्षित राहिलेली गाठ प्रतिरक्षेच्या नजरेस येते. काही संशोधक या घटनेस ‘जागच्या जागी तयार झालेली लस’ असे म्हणतात. ही उपमा सोयीची असली, तरी लसीची मात्रा व घटक ठरलेले असतात आणि येथे ते अर्बुदागणिक बदलतात, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या सर्व साखळीला चालना देणारे द्रव्य इंटरफेरॉन हे होय. व्हायरसजन्य संसर्गात कोशिका जे संरक्षक द्रव्य निर्माण करतात, ते इंटरफेरॉन म्हणून ॲलिक आयझॅक्स व झां लिंडेनमान यांनी लंडन येथे 1957 मध्ये शोधून काढले. व्हायरस नसताना प्रारणित अर्बुदात ते का निर्माण व्हावे, याचे उत्तर बरेच उशिरा मिळाले. डीएनएची जागा केंद्रकात असते. ते कोशिकाद्रव्यात आढळल्यास कोशिका त्याचा अर्थ आत व्हायरस शिरला असा घेते. हे ओळखणारे सीगॅस नावाचे एंझाइम झिजियान चेन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत 2013 च्या सुमारास शोधले. त्याच्याकडून मिळालेला संदेश स्टिंग या प्रथिनामार्फत इंटरफेरॉनाच्या निर्मितीपर्यंत पोहोचतो. तुटलेल्या गुणसूत्रांसह कोशिका विभाजन पावू लागली की, काही तुकडे मुख्य केंद्रकाबाहेर राहून त्यांची सूक्ष्मकेंद्रके बनतात. त्यांचे नाजूक आवरण फाटले की आतील डीएनए उघडे पडते. या प्रक्रियेला विभाजन आवश्यक असल्याने प्रतिरक्षेचा संदेश प्रारणानंतर लगेच न मिळता काही दिवसांनी मिळतो. सूक्ष्मकेंद्रकांतील डीएनए प्रथिनांशी घट्ट बांधलेले असल्यामुळे त्याचा सीगॅसवर कितपत परिणाम होतो याविषयी मतभेद असून कलकणूंतून (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या घटकांतून) बाहेर पडणारे डीएनएही यास कारणीभूत असावे, असे मानले जाते.

प्रतिरक्षा दडपली जाण्याची प्रक्रिया : प्रारणाने झालेली इजा ही शरीराच्या दृष्टीने एक जखम असते आणि जखम भरून काढताना शोथ (दाहयुक्त सूज) आवरता घेण्याची यंत्रणाही सुरू होते. या यंत्रणेतील टीजीएफ-बीटा हे प्रथिन ऊतकात निष्क्रिय रूपात साठविलेले असते. प्रारणामुळे निर्माण होणाऱ्या ऑक्सिजनाच्या विक्रियाशील संयुगांनी त्याचे आवरण बदलते व ते कार्यप्रवण होते. त्यायोगे डेंड्रिटिक व टी-कोशिकांचे कार्य मंदावते आणि दीर्घकाळात तंतुमयताही वाढते. प्रतिरक्षेला लगाम घालणाऱ्या नियामक टी-कोशिका इतर लसीका कोशिकांपेक्षा प्रारणाला अधिक दाद देत नाहीत, त्यामुळे अर्बुदातील त्यांचे सापेक्ष प्रमाण वाढते. अस्थिमज्जेतून अपक्व श्वेत कोशिका व महाभक्षी कोशिकांचे पूर्वरूप अर्बुदाकडे ओढले जातात. तेथे त्या कर्ककोशिकांवर हल्ला करण्याऐवजी बहुधा नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस व ऊतकाच्या डागडुजीस मदत करतात. याशिवाय टी-कोशिकांनी सोडलेल्या गॅमा इंटरफेरॉनाला उत्तर म्हणून कर्ककोशिका आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल 1 हे प्रथिन वाढवितात. ते टी-कोशिकेवरील पीडी-1 या ग्राहीला चिकटले की, टी-कोशिका निष्प्रभ होते. प्रतिरक्षा जागृत होण्यातूनच तिला रोखणारे साधन तयार व्हावे, हा या विषयातील सर्वांत चमत्कारिक आणि उपचारांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरलेला भाग आहे.

मात्रा, विभाजन व क्षेत्र : रूढ पद्धतीत रोज 1.8 ते 2 ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे प्रारण दिले जाते. निरोगी ऊतकांना दुरुस्तीस अवधी मिळावा म्हणून हे विभाजन रूढ झाले. प्रतिरक्षेचा विचार त्यामागे नव्हता. किरणांचा रोख मिलिमीटरपर्यंत अचूक ठेवता येऊ लागल्यावर थोड्या बैठकांत मोठी मात्रा देणेही शक्य झाले. सँड्रा डेमारिया व सिल्व्हिया फॉर्मेंटी यांच्या न्यूयॉर्कमधील गटाने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत सीटीएलए-4 या निरोधक ग्राहीविरुद्धच्या प्रतिपिंडाबरोबर 8 ग्रेच्या तीन मात्रा दिल्या असता दूरच्या अर्बुदाची वाढही रोखली गेली. एकदाच दिलेल्या 20 ग्रे मात्रेने तसे झाले नाही. याच गटाने 2017 मध्ये त्याचे एक कारण दाखविले. सुमारे 12 ते 18 ग्रेपेक्षा मोठ्या एकेरी मात्रेमुळे कर्ककोशिकेत ट्रेक्स-1 हे एंझाइम निर्माण होते व ते कोशिकाद्रव्यातील डीएनएच नष्ट करते. परिणामी सीगॅसला संदेश मिळत नाही आणि इंटरफेरॉन तयार होत नाही. मात्रा वाढविल्यास प्रतिरक्षाही वाढेल हा सरळ हिशेब येथे चुकतो. मात्र हे आकडे विशिष्ट उंदीर व विशिष्ट अर्बुदे यांच्यासंबंधीचे आहेत. मानवी अर्बुदांत अशी निश्चित मर्यादा प्रस्थापित झालेली नाही.

प्रारण कोठे पडते हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रक्तात फिरणाऱ्या लसीका कोशिकांपैकी निम्म्या निकामी करण्यास सुमारे 2 ग्रे मात्रा पुरते. मेंदूतील अर्बुदावर 30 बैठकांत 60 ग्रे मात्रा दिली, तर त्या काळात मेंदूतून वाहत जाणाऱ्या रक्ताला सरासरी सुमारे 2 ग्रे मात्रा मिळते, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रतिमानावरून दिसते. म्हणजे डोक्यापुरता मर्यादित असलेला उपचार बैठकांची संख्या वाढत गेल्यास जवळजवळ सर्व रक्तापर्यंत पोहोचतो. उपचारकाळात लसीका कोशिकांची संख्या फार घटलेल्या रुग्णांचे आयुर्मान अनेक प्रकारच्या कर्करोगांत कमी आढळले आहे. याउलट अर्बुदात आधीपासून मुक्काम केलेल्या टी-कोशिका रक्तातील टी-कोशिकांपेक्षा प्रारणाला अधिक टिकाव धरतात, असे 2019 मध्ये उंदरांत आढळून आले.

लसीका ग्रंथींचा प्रश्न अधिक अवघड आहे. कर्करोग प्रथम जवळच्या ग्रंथींत पसरतो, म्हणून त्यांत रोग दिसत नसला तरी खबरदारी म्हणून त्यांवरही प्रारण टाकण्याची प्रथा जुनी आहे. परंतु टी-कोशिकांना अर्बुदाच्या प्रतिजनाची ओळख करून दिली जाते ती याच ग्रंथींत. उंदरांवरील प्रयोगांत अर्बुदाबरोबर या ग्रंथींवरही प्रारण टाकल्यास अर्बुदात शिरणाऱ्या टी-कोशिका कमी झाल्या व प्रतिरक्षा उपचारांचा लाभ घटला. ग्रंथी वगळाव्यात, तर लपलेला रोग मागे राहण्याची भीती आणि प्रारणित कराव्यात, तर प्रतिरक्षेची हानी, असा हा पेच आहे. केवळ प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे रूढ क्षेत्र कमी करणे धोक्याचे ठरेल.

दूरस्थ परिणाम : एका जागी प्रारण दिल्यावर दुसरीकडील दुय्यम अर्बुदेही आटणे, ही घटना दुर्मिळ आहे. केवळ प्रारणाने असे घडल्याची 1969 ते 2014 या काळातील जेमतेम 46 उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयातून 2016 मध्ये संकलित करण्यात आली. याच काळात जगात लक्षावधी रुग्णांना प्रारण देण्यात आले, हे पाहता या परिणामाच्या नावाला त्याच्या प्रत्यक्ष वारंवारतेपेक्षा पुष्कळच अधिक प्रसिद्धी मिळाली आहे. तो प्रतिरक्षेमुळेच घडतो हे डेमारिया, फॉर्मेंटी व सहकारी यांनी 2004 मध्ये दाखविले. त्यांनी उंदरांच्या दोन्ही कुशींत अर्बुदे वाढवून एकावरच प्रारण टाकले आणि डेंड्रिटिक कोशिकांची वाढ करणारे द्रव्य दिले, तेव्हा दुसऱ्या कुशीतील अर्बुदही मंदावले. टी-कोशिका नसलेल्या उंदरांत तसे घडले नाही आणि दुसऱ्या कुशीत वेगळ्याच प्रकारचे अर्बुद असल्यास त्यावर काहीही परिणाम झाला नाही.

या विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले ते टी-कोशिकांवरील लगाम काढणाऱ्या प्रतिपिंडांमुळे. या प्रकारच्या औषधांमागील मूलभूत संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. सीटीएलए-4 ला रोखणारे इपिलिमुमॅब हे औषध अमेरिकेत 2011 मध्ये संमत झाले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातून 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाने ग्रस्त व हे औषध चालू असलेल्या एका रुग्णाच्या पाठीच्या कण्याजवळील गाठीवर तीन बैठकांत 28.5 ग्रे मात्रा दिली असता पुढील काही महिन्यांत प्लीहेतील व छातीतील अप्रारणित गाठीही आटल्या. या एका उदाहरणाने अनेक चाचण्यांना प्रेरणा दिली.

चिकित्सालयीन चाचण्या : त्यांचे फलित संमिश्र आहे. नेदर्लंड्समध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 76 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2019) पीडी-1 रोधक औषधापूर्वी एका गाठीवर 8 ग्रेच्या तीन मात्रा दिल्यास प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्के झाले. तथापि आधी ठरविलेल्या निकषाला ते पुरे पडले नाही. डोके व मान यांच्या पसरलेल्या कर्करोगात 62 रुग्णांवर केलेल्या तशाच चाचणीत (2021) प्रारणाने काहीच भर पडली नाही.

याहून भक्कम पुरावा दूरच्या गाठींविषयी नसून प्रारणित अर्बुदाविषयीच मिळाला, हे लक्षणीय आहे. शस्त्रक्रिया न करता येण्याजोग्या तिसऱ्या अवस्थेतील फुप्फुसाच्या कर्करोगात रासायनी चिकित्सा व प्रारण पूर्ण झाल्यानंतर 42 दिवसांच्या आत पीडी-एल 1 रोधक दुर्व्हालुमॅब सुरू केले असता रोग पुन्हा न वाढण्याचा मध्यक काल 5.6 महिन्यांवरून 16.8 महिने झाला (2017) आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण 33.4 टक्क्यांवरून 42.9 टक्के झाले. पॅसिफिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीनंतर हा उपचार प्रमाण ठरला. हेच औषध प्रारणाबरोबरच सुरू करून पाहिलेल्या पुढील चाचणीत (2024) मात्र तसा लाभ दिसला नाही. डोके व मान यांच्या कर्करोगातही प्रारणाबरोबर दिलेल्या ॲव्हेलुमॅबने रोगनियंत्रण सुधारले नाही (2021). प्रारण चालू असताना अर्बुदात नव्याने येणाऱ्या टी-कोशिका रोजच्या मात्रेने मरत असाव्यात व ग्रंथींवरील विस्तृत क्षेत्रानेही हानी होत असावी, असे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु गर्भाशय ग्रीवेच्या स्थानिक दृष्ट्या प्रगत कर्करोगात प्रारणाबरोबर व नंतर दिलेल्या पेंब्रोलिझुमॅबने तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण 74.8 टक्क्यांवरून 82.6 टक्के झाले (2024), आणि या उपचारातही श्रोणिभागातील ग्रंथी प्रारणित केल्या जातात. त्यामुळे वरील स्पष्टीकरण अपुरे आहे. त्याच रोगात दुर्व्हालुमॅबची चाचणी (2023) अपयशी ठरल्याने कोडे अधिकच वाढले.

जागृत झालेली प्रतिरक्षा निरोगी ऊतकांवरही उलटू शकते. पॅसिफिक चाचणीत फुप्फुसशोथाचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत 33.9 टक्के व न घेणाऱ्यांत 24.8 टक्के होते. बहुतेकांत तो सौम्य होता. तरी खोकला व धाप वाढल्यास संसर्ग, प्रारणजन्य इजा व औषधजन्य शोथ यांतील भेद करणे वैद्याला कठीण जाते.

भारतात डोके व मान आणि गर्भाशय ग्रीवा यांचे कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतात व त्यांतील बहुसंख्य रुग्णांच्या उपचारात प्रारण हेच मुख्य साधन असते. प्रतिरक्षा लगाम काढणारी औषधे अतिशय महाग असल्याने ती यांपैकी थोड्याच रुग्णांच्या आवाक्यात येतात. मुंबई येथील टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना 1941) डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात पीडी-1 रोधक निव्होलुमॅब नेहमीच्या 240 मिग्रॅ. ऐवजी दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिग्रॅ. देऊन चाचणी घेण्यात आली. त्यात एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्के झाले (2022). हे औषध प्रारणाबरोबर नव्हे, तर तोंडाने घ्यावयाच्या अल्पमात्रेच्या औषधांबरोबर देण्यात आले होते. म्हणून प्रारणानंतर इतकीच मात्रा पुरेल किंवा नाही, हे त्यावरून ठरविता येत नाही.